प्रति: पेशीभित्तिका कशाची, याने काय फरक पडतो?

पेशीभोवतीची भिंत, म्हणजे भित्तिका, कायटिनची की सेल्युलोजची (हे दोन वेगळे पदार्थ), हे परीक्षेपुरतंच, असं इथे कुणीतरी म्हटलंय; ते मला पटत नाही. द्राक्षबागेत हा फरक थेट पिकावर दिसतो. भुरी आणि डावणी हे द्राक्षावरचे दोन रोग, दोघींना आपण सरसकट बुरशी म्हणतो. भुरी खरी बुरशी आहे, भित्तिकेत कायटिन. डावणीच्या भित्तिकेत मात्र सेल्युलोज असतं. ती ऊमायसीट (बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले जीव) गटातली, नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळची. तिचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन कशाभिका (चाबकासारखे धागे) हलवत पानावरच्या पाण्यात चक्क पोहतात, म्हणून पाऊस झाला की डावणी उसळते.

आमच्या बागेत एका वर्षी पानांवर तेलकट पिवळे डाग पडले, पान उलटलं तर खाली पांढरी कापसासारखी लव. घरात भुरीसाठी आणलेलं हेक्झाकोनॅझोल होतं, तेच मारलं. काही उपयोग झाला नाही, आठवड्यात रोग घडांवर उतरला. कारण नंतर कळलं: ती डावणी होती. हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि डावणी ते मुळात बनवतच नाही! मेटॅलॅक्झिल या दुसऱ्या औषधाचं नेमकं उलटं, ते डावणीवर चालतं, भुरीला त्याचं काहीच वाटत नाही.