रंग पानांत शोधा, फुलं बोनस समजा

दरवर्षी मोसमी रोपं आणून कंटाळा आला, आता कायमचं काय लावू, असं कोल्हापुरातून कुणीतरी विचारलंय. मीही कोल्हापुरातच आहे, म्हणून इथला पाऊस धरून सांगतो.

आधी क्रोटन, म्हणजे रंगीबेरंगी पानांचं झुडूप. कुणीतरी ते सावलीत लावा म्हटलंय, ते मला पटत नाही. सावलीत ते जगतं, पण पानं हिरवट होत जातात. चार-पाच तास ऊन मिळालं की लाल-पिवळा रंग असा उठतो की फुलांची आठवणही येत नाही. छाटताना चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते.

अंगणात पाणी साचणारा कोपरा असेल तर तिथे रंगीत पानांची कर्दळ लावा. काळ्या मातीतल्या चिखलातही ती खूश असते. फुलून गेलेला दांडा बुडातून कापायचा, कंदातून नवे कोंब येतात. बोगनवेलीचं नेमकं उलटं. मुळाशी पाणी थांबलं की ती रुसते, म्हणून तिला उंचवट्यावर किंवा कुंडीत ठेवा आणि पावसाळा संपल्यावर पाणी हात राखून द्या. (तिची 'फुलं' म्हणजे खरं तर रंगीत पानंच. खरं फूल आतलं, इवलंसं पांढरं.)

कॅलेडियम हे कंदातून येणारं, रंगीत पानांचं रोप हिवाळ्यात दिसेनासं होतं. मेलं समजून आमच्या आईने एकदा कुंडीच रिकामी केली, कंदासकट! उन्हाळ्यात परत फुटलं असतं.

कोलियस हे रंगीत पानांचं रोप मात्र आपल्या जुलैतल्या पावसात हमखास कुजतं. तरी हौस असेल तर दोन फांद्या पाण्यात घालून खिडकीत ठेवा.