मदत हवी आहे: अर्ध्यावर सोडलेल्या इंग्रजी म्हणी कशा शिकाव्यात?

लीड्सवासी: माझ्या पत्नीला लीड्समध्ये नोकरी लागून चार महिने झाले. तिचे व्याकरण पक्के आहे, परंतु सहकारी अर्धीच म्हण बोलून थांबतात आणि उरलेली ऐकणाऱ्याने मनात पूर्ण करावी अशी अपेक्षा ठेवतात, तिथे ती अडते. परवा एका इथिओपियन उपाहारगृहात सर्वांनी हाताने जेवायला सुरुवात केली, तेव्हा तिचे वरिष्ठ ‘वेल, व्हेन इन रोम’ एवढेच म्हणाले आणि ही मागे वळून दाराकडे पाहू लागली. सगळे हसले, तिला ते फार लागले. पूर्ण म्हणींची यादी कोणाकडे असल्यास कृपया लगेच द्यावी, सोमवारी पुन्हा बैठक आहे.

मुळाक्षर: वहिनींचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे का? तसे असल्यास वहीत इंग्रजी म्हणीसमोर मराठी म्हण लिहावी. ‘नाचता येईना’ म्हटले की अंगण कोणी सांगावे लागत नाही. मी स्वतः याच रीतीने शिकलो.

शब्दवेध: रोज अर्धा तास ब्रिटिश बातम्या ऐकून त्या मोठ्याने म्हणाव्यात. माझे उच्चार त्यामुळेच सुधारले.

लीड्सवासी: उच्चारांची अडचण नाही. मराठी म्हणींचाही उपयोग नाही, कारण ती स्पेनमधल्या सारागोसाची असून तिची मातृभाषा स्पॅनिश आहे. आता तरी यादी मिळेल का?

माद्रिदची मंजिरी: हे आधी सांगितले असते, तर दाराचे कोडे तेव्हाच सुटले असते. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तोच समोर आला, की स्पॅनिश माणूस ‘आब्लांदो देल रेय दे रोमा’ म्हणतो, म्हणजे ‘रोमच्या राजाविषयी बोलत असताना’. न बोललेला भाग ‘पोर ला पुएर्ता आसोमा’, अर्थात ‘तो दारातून डोकावतो’. इंग्रज या प्रसंगी सैतानाचे नाव घेऊन ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’वर थांबतात, आणि आपण त्याच माणसाला शंभर वर्षांचे आयुष्य देतो. तुमच्या पत्नीने रोम ऐकताच म्हण पूर्ण केली असावी, फक्त स्वतःच्या भाषेतली. वरिष्ठांना म्हणायचे होते ते स्पॅनिशमध्ये ‘दोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस’ असे आहे: जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर. त्यात रोम नाहीच.

म्हणून यादीपेक्षा जोड्या लावाव्यात. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ला ‘दिओस लोस क्रिया’, म्हणजे देव त्यांना वाढवतो, आणि पुढे न बोललेले ‘ते एकत्र येतात’. ‘द अर्ली बर्ड’ला ‘आ किएन मादरुगा’, पहाटे उठणाऱ्याला देव साहाय्य करतो.

मुळाक्षर: जोड्यांनी फसगतही होते. ‘द लास्ट स्ट्रॉ’मध्ये उंट आणि त्याची मोडलेली पाठ दोन्ही गळाली आहेत, स्पॅनिशमध्ये तिथे पेला ओसंडवणारा शेवटचा थेंब आहे. पेला मनात असलेल्या माणसाला ‘स्ट्रॉ’ म्हणजे शीतपेयाची नळीच वाटणार. त्यामुळे प्रत्येक म्हणीचे मूळ सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

माद्रिदची मंजिरी: मूळ सांगा, पण खातरी करून. कुतूहलाने मांजर मेले या म्हणीचे ‘समाधानाने ते परत आले’ हे शेपूट मूळ म्हणून फिरवले जाते. प्रत्यक्षात ते नंतर जोडलेले आहे, आणि 16व्या शतकाच्या अखेरीस त्या मांजराला कुतूहल नव्हे, चिंता मारत असे.

लीड्सवासी: तिला आत्ताच विचारले. रोमचा राजाच तिच्या मनात आला होता आणि कोण आले ते पाहायला ती वळली होती. तिने स्वतःहून आणखी एक जोडी लावली: ‘आ बुएन एन्तेन्देदोर’, जाणत्याला थोडे शब्द पुरतात, आणि ‘अ वर्ड टू द वाइज’. मंजिरीताई, हे वरिष्ठांना उद्देशून म्हटले तर चालेल का?

माद्रिदची मंजिरी: वरिष्ठांना म्हणू नये. इंग्रजीत त्यानंतर बहुधा सावधगिरीची सूचना येते, त्यामुळे ते उपदेशासारखे ऐकू येईल. बरोबरीच्या सहकाऱ्याला अवश्य म्हणावे.