सोलापूर : गणिताला शिक्षकच नाहीत, शाळा दाद देत नाही. कुठे जायचं?

गौरीची_आई
मदत हवी आहे, तातडीने.

मुलगी सोलापुरातल्या एका कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि गणिताच्या मिस सोडून गेल्याचं कळलं. आता जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होऊन गेली तरी त्यांच्या जागी कोणी नाही. तासाला कधी पी.टी.चे सर येऊन बसतात, कधी लायब्ररीच्या मिस. मुली चित्रं काढतात नाहीतर दुसऱ्या विषयाचा गृहपाठ उरकतात. विज्ञानाला नवीन टीचर आल्यात, त्यांचं बी.एड. अजून चालू आहे. धडा वाचून दाखवतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला सांगतात आणि झाला धडा.

आधीच्या प्रिन्सिपल सिस्टर जूनमध्ये बदलून गेल्या. त्या पालकांना नावानिशी ओळखायच्या. नव्या सिस्टरना भेटायला गेलं की ऑफिसमधूनच उत्तर मिळतं, "प्रोसेस चालू आहे." फी मात्र यंदा वाढली.

मिस्टर यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझर आहेत. पोट मारून आम्ही मुलीला या शाळेत घातलं ते शिकवणं चांगलं म्हणून. तक्रार कुठे केली तर शाळेला शिक्षक नेमावाच लागेल, एवढंच सांगा. "शाळा बदला" कृपया कोणी लिहू नका.

पार्कचौक
इयत्ता कोणती? बोर्ड कोणतं? अनुदानित की विनाअनुदानित? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

नियमानुसार
यात विचारण्यासारखं काय आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ वाचा. पहिली ते पाचवी ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५ मागे एक. सहावीच्या पुढे विज्ञान-गणिताला वेगळा शिक्षक असलाच पाहिजे. महापालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज टाका, आठ दिवसांत शाळा ताळ्यावर येईल.

होटगीरोडकर
नियमानुसार, अर्धवट माहिती देऊ नका. शाळा कॅथलिक आहे म्हणजे अल्पसंख्याक संस्था. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ ला प्रमती खटल्यात सांगितलंय की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. अनुदानित असो वा नसो. ताईंनी त्या कायद्याचं नाव घेऊन अर्ज केला तर शाळेचा वकील पहिल्याच ओळीत तो उडवून लावेल.

नियमानुसार
१ सप्टेंबर २०२५ चा निकाल वाचला नाही वाटतं. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) प्रकरणात न्यायालयानेच प्रमतीबद्दल शंका घेतली आहे.

होटगीरोडकर
वाचलाय. दोन न्यायमूर्तींचं पीठ होतं. शंका घेऊन त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून पुढे पाठवला आहे. तोवर प्रमती कायम. अल्पसंख्याक शाळांतल्या शिक्षकांना टीईटीची सक्तीसुद्धा तोवर नाही.

श्रीनिवास_अशोकचौक
ताई, आमच्या पोराचं बी असंच झालं होतं. क्लास लावा की सरळ. आमच्याकडं एक सर आहेत, तेलुगू, मराठी, इंग्लिश तिन्हीत समजावतात, महिन्याला जास्त घेत नाहीत. शाळेच्या नादी लागून वर्ष जातंय. शाळा काय, सर्टिफिकेटापुरती राहिली आता.

गौरीची_आई
दादा, क्लासची फी भरायची तर शाळेची फी कशाची भरते मी? तोच तर प्रश्न आहे माझा.

जुळे_सोलापूर_मम्मी
कॉन्व्हेंटचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. ज्युनिअर केजीचे फॉर्म कधी निघतात? आमची मुलगी जूनमध्ये चार पूर्ण करेल. इंटरव्ह्यूला आईवडिलांना इंग्लिश यावं लागतं का?

सिद्धेश्वर_माजी
आमच्या वेळी या शाळांचा दरारा होता. सिस्टर व्हरांड्यातून नुसत्या गेल्या तरी वर्ग चिडीचूप. हस्ताक्षर, पाढे, इंग्रजी स्पेलिंग, सगळं पक्कं. मिशनऱ्यांनी सोलापुरात शिक्षणाचा पाया घातला. अमेरिकन मराठी मिशनने इथे काढलेल्या शाळा बघा.

रेल्वे_लाइन्स
सर, आदर ठेवून सांगते. अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंट होतं, कॅथलिक नव्हे. दोघांच्या शाळा, व्यवस्थापन, पैसा, सगळं वेगळं. इथे तो फरक महत्त्वाचा आहे, कारण दाद कुठे मागायची ते त्यावरच ठरतं.

आम्ही स्वतः कॅथलिक, माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली. गौरीच्या आई, तुमची शाळा धर्मप्रांताची, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालची आहे की सिस्टरांच्या संस्थेची? धर्मप्रांताची असेल तर वरची माणसं पुण्यात बसतात, कारण सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. संस्थेची असेल तर प्रोव्हिन्शियल सिस्टर मुख्य, प्रिन्सिपलच्या बदल्या त्याच करतात. शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर संस्थेचं नाव असतं.

पार्कचौक
इयत्ता अजून कळलेली नाही.

गौरीची_आई
नववी. स्टेट बोर्ड, इंग्लिश मीडियम. डायरीवर सिस्टरांच्या सोसायटीचं नाव आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. अ आणि ब तुकडीला गणिताचे सर आहेत, बरेच जुने. हिची ड तुकडी. प्रश्न क आणि ड चाच आहे.

होटगीरोडकर
नववी! म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा एवढा काथ्याकूट फुकट गेला. तो सहा ते चौदा वयासाठी, आठवीपर्यंतच. महापालिकेचाही संबंध नाही. तुमचा दरवाजा जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

नियमानुसार
हे आधीच सांगितलं असतं तर मी तसं लिहिलंच नसतं.

स्वाती_बीएड
अ-ब ला सर आहेत आणि क-ड ला नाहीत, यातच उत्तर आहे. अ-ब अनुदानित तुकड्या असणार, क-ड विनाअनुदानित. एकाच इमारतीत, एकाच गणवेशात, एकाच प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या मुली, पण अ-ब च्या सरांचा पगार सरकार देतं आणि क-ड च्या मिसचा पगार तुमच्या फीमधून निघतो.

मी स्वतः एका मिशनरी शाळेत विनाअनुदानित तुकडीवर गणित शिकवलं आहे. शाळेचं नाव सांगणार नाही. शेजारच्या वर्गातल्या सरांएवढेच तास, त्यांच्याएवढ्याच वह्या तपासायच्या, वर गॅदरिंग, स्पोर्ट्स डे, प्रदर्शन. पगार मात्र ठोक रकमेचा, तोही मे महिन्याचा मिळेल की नाही हे एप्रिलमध्ये कळायचं. सिस्टर चांगल्या होत्या, आजारपणात घरी डबा पाठवलेला मी विसरलेली नाही. पण डब्यावर घर चालत नाही. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषद शाळेचा नियुक्ती आदेश आला आणि वर्षाच्या मध्यात मी सोडलं. मुली रडल्या. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण हजर व्हायला मोजकी मुदत होती आणि ती गेली असती तर नोकरीही गेली असती.

तुमच्या मिसना दोष देऊ नका एवढंच म्हणते.

भारती_के
स्वातीताई, मुलींचं नुकसान झालं ते झालंच ना? डॉक्टर ऑपरेशन अर्धं टाकून जातो का? निदान मार्चपर्यंत तरी थांबायचं.

स्वाती_बीएड
मार्चपर्यंत थांबायला मला कोणी काय दिलं असतं, तेही सांगा. कायम नेमणूक, पूर्ण वेतनश्रेणी दिली असती तर मी कुठेच गेले नसते. शिक्षक टिकावा असं वाटत असेल तर त्याला टिकता येईल एवढं द्यावं लागतं. कॉन्व्हेंटची इमारत आणि नाव बघून पालक येतात, आतल्या शिक्षकाला काय मिळतं हे मी असेपर्यंत एकाही पालकाने विचारलं नव्हतं.

रेल्वे_लाइन्स
स्वातीताईंचं म्हणणं खरं आहे आणि त्याला आणखी एक बाजू आहे. पूर्वी या शाळा चालायच्या त्या सिस्टरांच्या जिवावर. एकेका कॉन्व्हेंटमध्ये अनेक सिस्टर स्वतः वर्गावर असायच्या, गणित, विज्ञान शिकवायच्या. त्या व्रतस्थ, त्यांचा पगार संस्थेत जमा व्हायचा आणि संस्था तो शाळेतच लावायची. आता सिस्टर होणाऱ्या मुली कमी झाल्या. प्रिन्सिपल सिस्टर, हिशेबाच्या सिस्टर, फार तर एखादी केजीला, बाकी सगळे बाहेरचे शिक्षक. त्यांना संसार आहेत. जुन्या पैशाच्या गणितावर नवी शाळा चालत नाही हे आमच्या लोकांनी मान्य करायला हवं, आणि हे मी चर्चच्या बैठकीतही बोलले आहे.

गौरीच्या आईंसाठी: प्रोव्हिन्शियल सिस्टरना पत्र लिहा आणि प्रत पुण्याला बिशपांना पाठवा. शाळा सिस्टरांची असली तरी बिशपांचा संबंध आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कॅनन, म्हणजे कलम ८०६ आहे. धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेख करण्याचा, त्यांना भेट देण्याचा अधिकार बिशपांना आहे, शाळा संस्थांनी काढलेल्या असल्या तरी. त्याच कॅननमध्ये पुढे म्हटलंय की शाळेतलं शिक्षण निदान त्या भागातल्या इतर शाळांच्या तोडीचं असेल याची काळजी शाळा चालवणाऱ्यांनी घ्यायची आहे. पत्रात हे लिहा. सरकारी कायद्याला वकील उत्तर देतील, याला सिस्टरना स्वतः उत्तर द्यावं लागेल.

भारती_के
पण ताई ख्रिश्चन नसतील तर बिशप कशाला ऐकतील?

रेल्वे_लाइन्स
शाळेतल्या बहुतेक मुली ख्रिश्चन नाहीतच. ऐकायलाच हवं.

जुळे_सोलापूर_मम्मी
केजीचं कोणीतरी सांगा ना.

श्रीनिवास_अशोकचौक
मम्मी, वेगळा धागा काढा. आणि घालण्याआधी हा धागा पूर्ण वाचा.

निवृत्त_मुख्य_लिपिक
शाळेच्या कार्यालयात आयुष्य गेलं. वाद बाजूला ठेवून कागदाचं सांगतो.

राज्यघटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याक शाळेला काहीच लागू नाही, हा समज चुकीचा. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम १९७७ त्यांनाही आहे. भरतीपुरती त्यात सूट आहे ती मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने नावं कळवलेले जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांना. बाकीच्यांची पात्रता नियमाप्रमाणेच हवी. नववी-दहावीच्या गणिताला कोणी बी.एड. नसलेलं बसवलं असेल तर शिक्षणाधिकारी विचारू शकतात.

विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षकांनाही शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. क आणि ड तुकडीवरच्या कोणाकोणाला ती आहे, ही माहिती जिल्हा परिषदेत असते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा. शाळेकडे मागू नका, ती "आम्ही खाजगी" म्हणेल. अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या नावे करा, उत्तराची मुदत ३० दिवस.

पण त्याआधी शाळेला लेखी द्या. तोंडी बोलण्याला किंमत नाही. पत्रात संताप नको, प्रश्न हवेत: गणिताचे शिक्षक केव्हापासून नाहीत, नेमणूक कोणत्या तारखेपर्यंत होणार, तोवर अ-ब चे सर क-ड चे तास घेतील का, बुडालेल्या तासिका कधी भरून काढणार, आणि गणिताचे २० अंतर्गत गुण देणार कोण. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शिकवलंच नाही तर गुण कशावर दिले, हे कागदावर सांगणं शाळेला जड जातं.

होटगीरोडकर
काकांना पूर्ण अनुमोदन. त्यात फी कायद्याची भर घाला. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती असायला हवी, प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने निवडलेला. फी ठरवताना पात्र शिक्षक आणि त्यांचं वेतन हा विचारात घ्यायचा मुद्दा त्या कायद्यातच आहे. यंदा वाढलेल्या फीतलं शिक्षकांच्या पगारात किती गेलं, हे समितीतला पालक विचारू शकतो. नववीचा पालक-प्रतिनिधी कोण आहे?

गौरीची_आई
समिती आहे हेच आज कळतंय. ग्रुपवर विचारलं, तर एक बाई म्हणाल्या त्यांची सही घेतली होती कशावर तरी.

ड तुकडीतल्या आयांशी बोलले. काही जणी घाबरतात, शाळा मुलींवर राग काढेल म्हणतात. काही तयार आहेत. क तुकडीतलेही विचारताहेत. पत्र सगळ्यांच्या सहीने द्यावं की माझ्या एकटीच्या?

निवृत्त_मुख्य_लिपिक
सगळ्यांच्या. एका सहीचं पत्र फाइलला लागतं, चाळीस सह्यांच्या पत्रावर बैठक लागते. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच दिली नाही तर तिथून निघून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. आठवडाभर वाट बघा, मग जिल्हा परिषद.

स्वाती_बीएड
पत्रात एक ओळ माझ्याकडून घाला, विनंती आहे. "नवीन शिक्षकांना नियमाप्रमाणे वेतन देऊन कायम करावे, त्यासाठी पालक चर्चेला तयार आहेत." नाहीतर शाळा कोणालातरी तासिका तत्त्वावर आणेल आणि पुढच्या दिवाळीत ऐन दहावीत पुन्हा हेच होईल.

आणि गौरीसाठी: भूमितीतलं चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोणमिती हे तिन्ही धडे आत्ताच पक्के करून घ्या, दहावीच्या गणिताचा भाग २ बराचसा त्यांवर उभा आहे. बालभारतीच्या साइटवर पुस्तक फुकट मिळतं. रविवारी संध्याकाळी मी ऑनलाइन एक तास देऊ शकते, पैसे नकोत. क-ड च्या ज्या मुली येतील त्या येऊ देत. निरोप पाठवा.

गौरीची_आई
ताई, निरोप पाठवलाय. ती ओळ घालते. शनिवारी शाळा सुटल्यावर गेटवर सह्या घेणार आहोत, सोमवारी पत्र देणार. प्रोव्हिन्शियल सिस्टरांचं पत्र इंग्रजीत लिहावं लागेल ना? रेल्वे लाइन्सच्या ताई, मसुदा बघून द्याल का?

रेल्वे_लाइन्स
देते. आज रात्री पाठवा.