मदत हवी आहे: जुन्या कॅराव्हॅनचा ॲल्युमिनियमचा पत्रा खारं वारं खातंय

देवबागला घरामागे माडात एक जुनी टोइंग कॅराव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) उभी आहे, मामांनी हौसेने घेतलेली, बाहेरून सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मग काय व्हायचं ते झालंच, पत्र्यावर पांढरी पावडर धरलीय आणि बारीक बारीक खड्डे पडलेत, त्यातही कोणीतरी लोखंडी स्क्रू मारलेत त्यांच्याभोवती तर पत्रा पार खाल्लाय (ते काढून रिव्हेट मारणार आहे, ते माझं ठरलंय).

शेजारचे काका म्हणाले कॉस्टिक सोड्याने धू, म्हटलं काका, सोडा मळाबरोबर पत्रापण खाईल. चिंच, तारेचा घासा पण नको. सध्या फक्त गोडं पाणी आणि सौम्य शाम्पू.

आता प्रश्न असा की पत्र्यावरचा जुना क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) पापुद्र्यासारखा सुटतोय, तो रिमूव्हरने पूर्ण काढून पॉलिश करून नुसतं वॅक्स ठेवू की परत क्लिअर कोट मारू? कोटाखाली खारट ओल अडकली तर आतून खाणार ही भीती आहे. मिरगाच्या आधी उरकायचंय. बोटीच्या ॲल्युमिनियमवर काम केलेलं कोणी मालवण-वेंगुर्ल्याकडे असेल तर प्लीज सांगा, आणि ताडपत्री घालू की नको तेपण.