मदत हवी आहे: जर्मनीतली ऱ्हाइन दरी, दोन रात्री, सोबत सत्तरीचे आई-बाबा

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फ्रँकफर्ट विमानतळावर उतरून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोलोनला पोहोचायचं आहे. मधला वेळ बिंगेन ते कोब्लेंझ या डोंगराळ पट्ट्यासाठी ठेवला आहे. चौघे आहोत. आई-बाबा सपाटीवर तासभर चालतात, पण उतारावर आईचे गुडघे दुखतात.

१. रुडेसहाइम ते कोब्लेंझ अशी पूर्ण बोट घ्यावी का? दिशा कोणती?
२. मुक्काम कुठे करावा?
३. गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे पुरेल?
४. फार न चढता उंचावरून नदी कुठून दिसेल?

प्रतिसाद

पूर्ण बोट घेऊ नका. या ६५ किलोमीटरचा (२००२ पासून युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ) गाभा बाखाराख ते सांक्ट गोआर एवढाच आहे. काउबच्या बेटावरचा फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला, ओबरवेझलचे बुरूज आणि लोरेलायचा कडा, सगळं याच टप्प्यात येतं.

दिशेने फार फरक पडतो. नदी कोब्लेंझकडे वाहते. प्रवाहाबरोबर बाखाराख ते सांक्ट गोआर साधारण ४० मिनिटं लागतात, उलट दिशेने सव्वा तासाच्या आसपास. कोब्लेंझहून रुडेसहाइमला जायला सहा तासांहून जास्त लागतात. त्यात चौथ्या तासानंतर कोणी बाहेर पाहत नाही.

काठावर पांढऱ्या पाट्यांवर मोठे काळे आकडे दिसतील, ते नदीचे किलोमीटर. ५४६ आला की काउबचं बेट, ५५४ च्या पुढे लोरेलाय, ५५७ च्या सुमारास सांक्ट गोआर, ५७० ला बोपार्ड. आई-बाबांना एवढी यादी कागदावर लिहून द्या, म्हणजे घोषणेची वाट पाहावी लागत नाही. प्रवाहाबरोबर जाताना लोरेलाय उजव्या हाताला येतो, तेव्हा डेकवर उजवी बाजू धरा.

प्रतिसाद

मुक्काम बोपार्डला करा. बाखाराख फोटोत जास्त देखणं आहे, पण तिथे आणि ओबरवेझलला रूळ गाव आणि नदी यांच्या मधून जातात. या दरीत दोन्ही तीरांवर रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धावतात. 'नदीसमोरची खोली' म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि उशाशी मालगाडी, असं तिथे होतं. बोपार्डला रूळ गावाच्या मागून जातात, त्यामुळे काठावरची हॉटेलं निदान आपल्या तीरावरच्या गाड्यांपासून लांब पडतात. समोरच्या तीराचा आवाज पाण्यावरून येतोच, म्हणून झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या. शिवाय तिथला नदीकाठ लांब आणि सपाट आहे, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं.

गाडीची गरज नाही. माइन्झ आणि कोब्लेंझ यांच्या मध्ये ऱ्हाइनवर एकही पूल नाही. समोरच्या गावात जायलाही फेरीबोटीची वाट पाहायची आणि ती संध्याकाळी बंद व्हायच्या आत परतायचं. शिवाय चालवणाऱ्याला दरी दिसतच नाही.

रेल्वेत लोक इथे चुकतात:

– फ्रँकफर्ट–कोलोन आयसीई (वेगवान गाडी) या दरीतून जात नाही, ती डोंगरातल्या बोगद्यांच्या मार्गाने जाते. तुम्हाला विमानतळाच्या प्रादेशिक स्थानकातून (लांब पल्ल्याच्या नव्हे) आरई २ ही प्रादेशिक गाडी हवी. ती माइन्झ, बिंगेनवरून बोपार्डला थेट जाते, दीड तासाच्या आसपास.

– आरई २ लहान स्थानकं सोडते. बाखाराखसाठी आरबी २६ ही लहान स्थानकांवरही थांबणारी गाडी घ्या.

– बिंगेनला दोन स्थानकं आहेत. बोटीच्या धक्क्याजवळचं 'बिंगेन श्टाट'. 'हाउप्टबानहोफ' (मुख्य स्थानक) नाव वाचून उतरलात तर बॅगा ओढत गावाच्या दुसऱ्या टोकाहून यावं लागेल.

– डॉइचलँडटिकेट (देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, २०२६ पासून महिना ६३ युरो) या गाड्यांना चालतं, बोटीला नाही. ते आपोआप चालू राहणारी वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. दोन-तीन दिवसांसाठी आधी सुट्या तिकिटांचा हिशेब करून पाहा.

प्रतिसाद

प्रश्न ४ बद्दल. बोपार्डहूनच दोन आसनी चेअरलिफ्ट आहे, साधारण २० मिनिटांत २३० मीटर वर नेते. वर गेडिऑन्सएकवरून नदीचं भलंमोठं वळण दिसतं. थोडं पुढे फिअरझेनब्लिक म्हणजे 'चार तळ्यांचा देखावा'. मधले डोंगर प्रवाह झाकतात, म्हणून एकच नदी चार सुट्या तळ्यांसारखी दिसते. एक अडचण आहे: खुर्ची चालती असताना बसायचं आणि चालतीतूनच उठायचं असतं. आईंना आधी बाजूला उभं राहून दोन-चार खुर्च्या पाहू द्या आणि कर्मचाऱ्याला 'लांगझाम, बिटे' (हळू, कृपया) सांगा. उतरतानाही लिफ्टच घ्या. पायवाट तीव्र उताराची आहे, आणि पाऊस झाला की इथला स्लेट दगड निसरडा होतो.

लोरेलायवर जायचा हट्ट धरू नका. नदीपासून १३२ मीटर उंच असलेल्या त्या कड्यावर उभं राहिलं की नदी दिसते, पण कडा दिसत नाही, आपणच त्याच्यावर असतो. कड्याचा पूर्ण देखावा समोरच्या तीरावर, उरबार गावाजवळच्या मारिया रू या जागेवरून दिसतो.

धागाकर्ता

फार मदत झाली, आभार. म्हणजे सकाळी रेल्वेने बाखाराख आणि तिथून बोटीने थेट बोपार्ड, असं जमेल? आणि एक किल्ला आतून पाहायचा असेल तर?

प्रतिसाद

जमेल, आणि तोच सर्वांत चांगला बेत आहे. रेल्वेला अर्धा तास, परत बोटीला दीडेक तास, आणि हॉटेल चालत. सकाळी बाखाराखला तासभर आधी पोहोचा.

किल्ला एकच निवडायचा तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. इथल्या डोंगरावरच्या किल्ल्यांपैकी कधीच उद्ध्वस्त न झालेला तो एकटा. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात. घोड्यांसाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या ओबडधोबड आहेत, आईंना तिथे हात द्यावा लागेल. सांक्ट गोआरचा राइनफेल्स भव्य आहे, पण भग्नावस्थेत आणि वरखाली फार, म्हणून या वेळी सोडा. ब्राउबाख उजव्या तीरावर येतं, आणि त्या तीराची रेल्वे २०२६ मध्ये जुलै ते डिसेंबर मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं नियोजन आहे. त्याच वर्षी जात असाल तर पर्यायी बसचं वेळापत्रक पाहूनच हा बेत करा.

प्रतिसाद

एक गोष्ट राहिली: पाणी. उन्हाळा कोरडा गेला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पातळी उतरते आणि बोटी काही धक्क्यांना लागत नाहीत. निघायच्या आठवडाभर आधीपासून काउबच्या पाणीपातळी मापकाचा आकडा पाहत राहा. आकडा म्हणजे खोली नव्हे, प्रत्यक्ष जलमार्ग त्याहून मीटरभर खोल असतो. म्हणून ८० सेंटिमीटर वाचून घाबरू नका. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो २५ पर्यंत गेला होता. आकडा घसरत असेल तर बोटीची तिकिटं आधी काढून ठेवू नका, त्या सकाळी धक्क्यावरच घ्या. बोट रद्द झालीच तर आरबी २६ त्याच काठाने जाते: बाखाराखहून बोपार्डकडे येताना उजवीकडच्या खिडकीत बसा.