वजन उतरताना कपड्यांचं काय केलंत? (अनुभव धागा)

अबोली

दसऱ्याच्या आधी कपाट उपसायला घेतलं आणि तळाशी एक बाटिकची कुर्ती सापडली. उलटी करून बघितली तर दोन्ही कडांना टिपांच्या तीन-तीन ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. ते सगळं वर्ष डोळ्यांपुढे आलं, म्हणून धागा काढतेय.

तेव्हा माझी साखर काठावर आली होती आणि त्याच सुमारास ह्यांचं काम सुटलेलं. मी पतसंस्थेत काउंटरला. वजन ८४ वरून हळूहळू ६६ वर आलं, पण हप्ते आणि लेकीची फी भागवून कपड्यांना काही उरायचंच नाही. ढगळ ड्रेस घालून बसलं की रोज कोणीतरी म्हणायचं, "आजारी होतीस का गं? किती खंगलीस!" एवढा घाम गाळून हे ऐकायचं, फार लागायचं मनाला. तेव्हाच ठरवलं की वजन पूर्ण उतरेपर्यंत असं राहायचं नाही. मधल्या काळातही अंगाला नीट बसेल असंच घालायचं, आणि ते आहे त्या कपड्यांतून काढायचं.

आईचं जुनं मशीन होतं. कुर्त्यांचे साइझ साधारण दोन-दोन इंचांनी चढतात, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४. म्हणजे एक साइझ कमी करायचा तर दोन्ही कडांना, शिवणीपासून फक्त अर्धा-अर्धा इंच आत टीप मारायची. मोठ्या टाक्यावर मारायची म्हणजे सहज उसवता येते. मुंढ्याच्या खाली सुरुवात करून कमरेपर्यंत आणायची आणि कटच्या वर जुन्या शिवणीत विरून द्यायची. जादा कापड कापायचं नाही! वजन एका जागी टिकेपर्यंत कात्री लावायचीच नाही. लेकीचे शाळेचे फ्रॉक आई वाढत्या अंगाचे शिवायची, आत भरपूर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवून. मी तेच उलट्या बाजूने केलं.

तुम्ही कसं निभावलंत? साडी, ड्रेस, पँट, युनिफॉर्म, सगळं सांगा. पुरुषांनीही लिहा.

जाईजुई

साडी झिंदाबाद. पाचवारीला ना एल ना एक्सएल. परकराचा नाडा ओढला की झालं. प्रश्न फक्त ब्लाउजचा.

कोल्हापुरी ठसका

+१ जाईजुई. शिंप्याकडून शिवलेल्या ब्लाउजला कडेला दोन-तीन टिपा असतातच, आपण त्या जाड होताना उसवतो. मी आत अजून दोन मारून घेतल्या. पण कटोरी ब्लाउज असेल तर एका मर्यादेनंतर कटोरीत चुण्या पडतात, कडेने कितीही आवळा. प्रिन्सेस कट त्या मानाने बरा, समोरच्या उभ्या शिवणीतूनही घेता येतो. शेवटी काळा आणि मरून असे दोन ताणाचे रेडिमेड ब्लाउज आणले, तीनशेच्या आत. सगळ्या साड्यांवर तेच फिरवले. काठपदरवर मरून, बाकी सगळ्यावर काळा. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

चहाबाज

वाचतेय. कुकर झाला की सविस्तर लिहिते.

खाकी

पुरुषांतर्फे मी. सिक्युरिटीत आहे. कंपनी वर्षाला दोन जोड देते, मध्ये मागितला तर पगारातून कापतात. वजन १०२ होतं, ८० वर आणलं, रात्रपाळीत चालून चालून. पँट टेलरकडून शिवलेली असली तर मागच्या मधल्या शिवणीत चांगली दीड-दोन इंच माया असते, तिथूनच कमी करायची. त्यापुढे गेलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि चालताना विचित्र दिसतं. मग कडेच्या शिवणी उघडाव्या लागतात, ते काम मोठं, पैसेही जास्त घेतात. शर्टाला पाठीत दोन उभे डार्ट मारून घेतले. खांदा मात्र उतरतो तो उतरतोच, तो कमी करायचा म्हणजे बाही काढून परत लावणं. पट्ट्याला चप्पलवाले काका दहा रुपयांत भोक पाडून द्यायचे. त्यांनी एकदा पट्टाच बक्कलच्या बाजूने काढून कापून परत बसवून दिला, टोक लोंबायचं बंद झालं. हे फार जणांना माहीत नसतं. पट्टा नेहमी बक्कलकडूनच कापायचा.

अबोली

खाकीदादा, किती छान माहिती! आणि रात्रपाळीत चालून २२ किलो, तुम्हाला मनापासून नमस्कार.

रानफूल

दीक्षित की दिवेकर? कोणाचं डाएट केलंत सगळ्यांनी?

जाईजुई

रानफूल, त्याच्यावर वेगळे धागे आहेत गं, इथे चालू झालं तर कपडे राहतील बाजूला.

रानफूल

बरं बरं. पण मी दोन वेळा जेवणवालं केलं एवढं सांगते फक्त. आणि माझे केस फार गळले त्या काळात. कोणाला झालं होतं का असं?

सुईदोरा

रानफूल, वजन भराभर उतरलं की काही महिन्यांनी केस गळतात पुष्कळांचे, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह बघून घे डॉक्टरांकडून.

आता विषयावर. मी घरी अल्टरचं काम घेते, नाशिकला. कुर्तीला पन्नास-साठ, ब्लाउजला तेवढेच, अस्तराचं असेल तर जास्त, कारण दोन कापडं सांभाळायची. बायका येतात आणि म्हणतात, "एकदम फिट करून द्या." मी विचारते, अजून उतरवायचंय का? हो म्हणाल्या तर कच्ची मोठी टीप मारून देते आणि पैसे कमी घेते, कारण महिन्या-दोन महिन्यांत त्या परत येणारच. घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, ड्रेस उलटा करून अंगात घाला आणि टाचण्या दोन्ही बाजूंना सारख्या लावा. एकाच बाजूने घेतलं तर गळा फिरतो. दोन, मुंढ्याजवळ एकदम आत जाऊ नका, हात वर केला की सगळा ड्रेस वर जातो. रेडिमेड कुर्तीत ओव्हरलॉकच्या बाहेर काही नसतंच, म्हणून त्या जाड होताना उपयोगाच्या नाहीत, पण बारीक होताना चालतात.

चहाबाज

आले. माझं वेगळं आहे थोडं. मला टीबी झाला होता, ५४ वरून ४१. तेव्हा वजन कमी होणं आनंदाचं नव्हतं. आईने माझे सगळे पंजाबी ड्रेस घेतले आणि हाताने धावदोरा घालून आत घेतले, मशीनने नाही. मी म्हटलं, आई टीप मार ना, सुटतील हे. तर म्हणाली, सुटायलाच हवेत, तू परत भरणार आहेस. सहा महिन्यांचा कोर्स संपला, हळूहळू भरलेही, आणि तिने बसून एकेक दोरा ओढून काढला. एकही ड्रेस वाया गेला नाही.

अबोली

चहाबाज, डोळ्यांत पाणी आलं गं. आईंना नमस्कार सांग.

कोल्हापुरी ठसका

मलाही अगदी भरून आलं वाचून.

चहाबाज

सांगते ग. आत्ता शेजारीच मटार सोलत बसली आहे, तिला वाचून दाखवते आहे सगळं.

अटलांटिकपार

इकडे न्यू जर्सीत मी विद्यार्थिनी असताना गुडविलच्या दुकानातून घ्यायचे. लोकांनी दान दिलेले कपडे असतात, जीन्स सहा-सात डॉलरला मिळायची. मधल्या साइझला हेच बरं. दोन महिने घालायची, मग धुऊन परत तिथेच दान करायची आणि पुढचा साइझ आणायचा. भारतात असं जुन्यातलं घेणं लोकांना कसंसंच वाटतं, पण बहिणी-बहिणींत, जावा-जावांत आपण देत-घेतच आलो की.

भटकंती

आमच्या घरात उलटी गंगा. मी बारीक झालो, मुलगा कॉलेजात भरला. माझे सगळे ४४ चे शर्ट त्याने घेतले, त्याचे ४० चे माझ्याकडे आले. शून्य खर्च. फक्त त्याच्या एका टीशर्टवर कवटी आहे, तो घालून बँकेत गेलो तर कॅशियर बाई हसल्या.

जाईजुई

😂😂 कवटी!!

नाशिककर

जुन्या मोठ्या कपड्यांचं काय करता सगळे? आमच्याकडे बोहारीण यायची, आता दिसत नाही. शेवटची आली तेव्हा चार साड्या, दोन पँटवर एक स्टीलचा डबा दिलेला.

कोल्हापुरी ठसका

चार साड्यांवर एक डबा? झाकणासकट होता का? आमच्या आजीने एका जरीच्या साडीवर पातेलं मिळवलं होतं. तासभर घासाघीस. बोहारीण उठून दारापर्यंत जायची, आजी सुपारी कातरत बसायची, ती परत यायची.

नाशिककर

झाकणासकट होता, अजून रवा ठेवतो त्यात.

सुईदोरा

ते कपडे लगेच देऊन टाकू नका असं मी सांगेन, निदान टिकाऊ सुती असतील ते. मोठ्या कुर्तीतून लहान मुलीचा फ्रॉक निघतो. जुन्या सुती साडीची गोधडी. काही नाही तर पिशव्या आणि उशांचे अभ्रे.

अबोली

आणि एक राहिलंच. आतले कपडे. त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. ब्रा अल्टर होत नाही. सगळ्यात शेवटच्या हुकवर आली आणि तरी पाठीत वर चढायला लागली, की ती बदलायची, तिथे काटकसर करू नका. मी बाकी काही घेतलं नाही, पण साध्या सुती दोन घेतल्या. त्यामुळे वरचा जुना ड्रेससुद्धा नीट बसला. विकत घेताना सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकवर बसेल अशी बघा, पुढे आत जायला जागा राहते. निकरचं इलास्टिक मॅचिंग सेंटरमधून मीटरवर आणून बदलता येतं.

रानफूल

थँक यू अबोली, हे आईलाही विचारता येत नाही. आणि बांगड्या? माझ्या २.८ च्या आता हात खाली केला की घरंगळतात. सोन्याच्या आहेत, त्यामुळे धाकधूक.

जाईजुई

रानफूल, त्या काढून ठेव आधी! बसमध्ये वगैरे तर अजिबात घालू नकोस. काचेच्या २.६ च्या घे, डझन स्वस्तात मिळतात. अंगठीला मी खालून दोरा गुंडाळला होता, आणि वजन टिकल्यावर सोनाराकडून कमी करून घेतली. त्याने कापलेला तुकडा परत दिला, तो मागून घ्यायचा.

खाकी

दोऱ्याची आयडिया चांगली. मिसेसची अंगठी मी घालतो साखरपुड्यापासून, तीच सैल झाली आहे. आज रात्री करतो.

चहाबाज

आई म्हणतेय की हिवाळ्यात बोटं अजून बारीक होतात, तेव्हा दोरा आत्ता थोडा जाडच गुंडाळा.

भटकंती

ट्रॅकपँटला नाडी असलेलीच घ्या. नुसतं इलास्टिक असेल तर गडावर चढताना एक हात कायम कमरेला. राजगडला एक मित्र तसाच चढला.

रानफूल

लग्नाचं काय करता? पुढच्या महिन्यात दिराचं आहे. पैठणीच्या ब्लाउजपीसला आत्ता हात लावू की नको? अजून चार-पाच किलो तरी उतरवायचंय.

सुईदोरा

पीस कापू नकोस. लग्नापुरता वेगळ्या कापडाचा शिव, पैठणीच्या काठातला एखादा रंग घेऊन, जरीच्या बुट्टीचं कापड मॅचिंग सेंटरला मिळेल. पैठणीचं पीस एकदा कापलं की तसं दुसरं मिळत नाही. शिंप्याला सांग, कडेला नेहमीपेक्षा जास्त माया सोड आणि हुकाच्या पट्टीला आतून दुसरी आयची (हुक अडकवायच्या कड्यांची) ओळ लावून दे, म्हणजे हळदीला बाहेरच्या ओळीत आणि रिसेप्शनला आतल्या ओळीत.

रानफूल

वा!! आजच जाते. डोंबिवली पूर्वेला चांगलं अल्टर करणारं कोणी आहे का? आमचे नेहमीचे शिंपी गावी गेलेत, दिवाळीनंतर येणार म्हणे.

कोल्हापुरी ठसका

डोंबिवलीत माझी नणंद राहते, विचारून सांगते. पूर्वेलाच आहे पण स्टेशनपासून लांब.

नाशिककर

सुईदोरा, तुम्ही नाशिकला कुठे? मिसेसचे तीन ड्रेस आणि माझी एक पँट आहे. मागच्या शिवणीत माया आहे, बघितली आत्ता.

सुईदोरा

पंचवटीत. पण दिवाळीपर्यंत ब्लाउजची कामं फार आहेत, पँट नंतर चालेल का? ड्रेस घेते, उलटे करून टाचण्या लावूनच पाठवा.