मदत हवी आहे : पन्नाशीनंतरच्या रॉक गिटारवादकांची नवनिर्मिती कशी जोखावी?

ज्येष्ठ रॉक गिटारवादकांची सर्जनशीलता वयानुसार आटते का, यावर टिपण लिहिताना मी एका ठिकाणी अडलो आहे. एरिक क्लॅप्टन यांचा १९९४चा ‘फ्रॉम द क्रेडल’ हा अल्बम मला आवडतो, पण त्यात जुन्याच ब्लूज रचना असल्याने तो मी बाजूला ठेवला. याउलट १९४४ साली जन्मलेल्या जेफ बेक यांनी १९९९च्या ‘हू एल्स!’मध्ये इलेक्ट्रॉनिक तालांवर वादन केले; पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) त्यांनी आधीच सोडले होते आणि नुसती बोटे, ट्रेमोलोची (सूर वर-खाली करणारी) दांडी व व्हॉल्यूमची कळ यांच्या आधारे ते गिटारला अक्षरशः गायला लावत. मात्र त्यातील बऱ्याच रचना कीबोर्डवादक टोनी हायमस यांच्या आहेत, आणि माझे घोडे इथेच अडले आहे.

डेव्हिड गिलमोर यांचा २०२४चा ‘लक अँड स्ट्रेंज’ही ऐकून झाला आहे. मैफलींत श्रोत्यांना जुनीच गाणी हवी असतात (त्यात वादकाचा काय दोष?), म्हणून मला केवळ स्टुडिओतील ध्वनिमुद्रणे विचारात घ्यायची आहेत. मी स्वतः गिटार वाजवत नाही, त्यामुळे कसोटी कानाने पारखता येईल अशीच हवी. रचना दुसऱ्याची असताना वादकाची स्वतःची नवी कल्पना नेमकी कशात ओळखावी?